जुळणारी बहीण, तरीही दाता नाही : रन्क्स-१ जनुकातील बदल असलेल्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा, करवीर तालुक्यातील ३१ वर्षांचा तरुण पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे दाखल झाला. कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचे प्रकरण येथे मांडत आहे.

त्याला तीन आठवड्यांपासून ताप येत होता, जिना चढताना धाप लागत होती, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते आणि पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके उठले होते. बाहेर झालेल्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, तपासणीत प्लेटलेट २२,००० निघाल्या होत्या. त्या दिवसांत जिल्ह्यात डेंग्यूचे रुग्ण होते, त्यामुळे पहिला अंदाज डेंग्यूचाच झाला आणि सलाइन लावून त्याला दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. ताप आणि कमी प्लेटलेट एकत्र दिसल्यावर आपल्या भागातील कोणताही डॉक्टर आधी डेंग्यूचाच विचार करील, आणि तो योग्यही आहे. परंतु त्याच अहवालात हिमोग्लोबिन ७.२ ग्रॅम आणि पांढऱ्या पेशी ३८,००० होत्या. डेंग्यूमध्ये पांढऱ्या पेशी सहसा घटतात आणि हिमोग्लोबिन एवढे खाली जात नाही. काचपट्टीवर रक्त पसरून पाहिले तेव्हा अपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, सगळीकडे विखुरलेल्या दिसल्या. अस्थिमज्जेच्या तपासणीत त्यांचे प्रमाण ६४ टक्के आले. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या एका झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या, निदानाला सामान्यतः २० टक्के पुरेसे धरले जातात.

दाखल करून घेताना विचारलेल्या नेहमीच्या प्रश्नांतून एवढे कळले की त्याचे वडील १४ वर्षांपूर्वी, वयाच्या ४६ व्या वर्षी, ‘रक्ताच्या कॅन्सर’ने वारले होते. केसपेपरवर तशी नोंद झाली. त्या घडीला तातडीचे काम उपचार सुरू करण्याचे होते. सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस, हा या आजारातील रूढ पहिला टप्पा दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. त्याआधी त्याच्या वीर्याचा नमुना साठवून ठेवण्याविषयी बोलणे झाले, परंतु तो अविवाहित होता, अंगात ताप होता आणि घरचे लोक हादरलेले होते. ते राहून गेले.

रक्तपेढीतून आलेली चिठ्ठी

केमोथेरपीच्या दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट ९,००० वर आल्या आणि सिंगल डोनर प्लेटलेटची, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेटची, गरज पडली. गडहिंग्लजकडे दिलेली त्याची धाकटी बहीण, वय २७, निरोप मिळताच पहाटेच्या एसटीने आली आणि परस्पर रक्तपेढीत जाऊन बसली. प्लेटलेट देणाऱ्याच्या स्वतःच्या प्लेटलेट किमान दीड लाख असाव्या लागतात. तिच्या १,१८,००० निघाल्या, म्हणून तिला परत पाठवण्यात आले आणि तो आकडा लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात देण्यात आली. ती चिठ्ठी दाखवत तिने आम्हाला एवढेच विचारले, की काही दिवस पपईच्या पानांचा रस घेऊन पुन्हा आले तर चालेल का.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्या रुग्णाचे पुढे मूळपेशी प्रत्यारोपण, म्हणजे दात्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी रुग्णात बसवणे, होण्याची शक्यता आहे, त्याला सख्ख्या नातेवाइकांचे रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत, कारण त्यामुळे रुग्णाच्या शरीरात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिकार तयार होऊन प्रत्यारोपण फसण्याचा धोका वाढतो. तिच्या प्लेटलेट पुरेशा असत्या तरी त्या घेणे इष्ट नव्हते. परंतु त्या चिठ्ठीमुळे विचारांची दिशा बदलली.

यंत्राने मोजलेला कमी आकडा नेहमी खरा असतो असे नाही. नेहमीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला त्या कमी दिसतात. म्हणून सायट्रेटच्या नळीत नमुना घेऊन पुन्हा मोजणी केली आणि काचपट्टीही पाहिली. आकडा जवळपास तेवढाच आला. प्लेटलेटचा आकार सर्वसाधारण होता. आयटीपीमध्ये, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते त्या आजारात, अस्थिमज्जा घाईने नव्या प्लेटलेट बाहेर सोडते आणि त्यांतल्या बऱ्याचशा मोठ्या दिसतात. तसे येथे नव्हते.

मग तिला बसवून सविस्तर विचारले. पहिल्या बाळंतपणात तिच्या प्लेटलेट ९५,००० निघाल्या होत्या, तेव्हा ‘गरोदरपणात होतं असं’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी एका रुग्णालयात आयटीपी समजून स्टेरॉइड दिले गेले, त्याने आकडा वाढला नाही आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त झाल्याने दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “ह्यांचंबी असंच हुतं. दाढी करताना जरा कापलं तरी रगत लवकर थांबायचं न्हाई.” दुसऱ्या दिवशी तिने घरून कॅरीबॅगमध्ये जपून ठेवलेले नवऱ्याचे जुने कागद आणले. त्यांत ल्युकेमिया होण्याच्या सहा वर्षे आधीचा, हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या तपासणीचा अहवाल होता. प्लेटलेट ८५,०००. खाली कोणीतरी लाल पेनने ‘रिपीट’ लिहिले होते. पुन्हा तपासल्याचा कागद मात्र त्या पिशवीत नव्हता.

या जनुकाचे काम

पुढचे निर्णय समजण्यासाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

अस्थिमज्जेतील रक्तमूळपेशींपासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. या वाटचालीत पेशीने कोणत्या शाखेला जायचे, विभाजन कधी थांबवायचे आणि परिपक्व कधी व्हायचे हे काही नियंत्रक जनुके ठरवतात. रन्क्स-१ हे त्यांपैकी प्रमुख जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. त्याच्यापासून बनणारे प्रथिन सीबीएफ-बीटा या जोडीदार प्रथिनासह डीएनएला चिकटते आणि इतर अनेक जनुकांना चालू किंवा बंद करते. म्हणजे ते स्वतः रक्ताचा कोणताही घटक बनवत नाही. कोणी काय बनवायचे हे ठरवते.

त्याचा शोध कर्करोगाच्या वाटेनेच लागला. ८ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांत होणारी तुकड्यांची अदलाबदल जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ल्युकेमियाच्या पेशींत दाखवली होती. जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये त्या तुटीच्या जागी असलेले जनुक ओळखले आणि त्याला तेव्हा एएमएल-१ असे नाव दिले. तेच आजचे रन्क्स-१. पुढे १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या तर गर्भात प्रौढ प्रकारचे रक्त तयारच होत नाही आणि तो गर्भावस्थेच्या साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी दगावतो. प्रौढ उंदरांत हे जनुक बंद केले, तेव्हा रक्त पूर्णपणे थांबले नाही, परंतु प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींची परिपक्वता अडली आणि लिम्फोसाइटच्या घडणीतही दोष आला.

प्लेटलेट ज्या पेशींपासून तुटून निघतात, त्या मेगॅकॅरिओसाइटची गोष्ट आमच्या रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. निरोगी माणसात रोज सुमारे १०,००० कोटी प्लेटलेट तयार होतात. एवढे उत्पादन करण्यासाठी मेगॅकॅरिओसाइट आपले डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करते, पण स्वतः दोन पेशींत विभागत नाही. त्यामुळे तिचे केंद्रक अनेक पाळ्यांचे आणि अवाढव्य होते. विभाजनाच्या शेवटी पेशी मधोमध आवळून तोडण्यासाठी जे मायोसिन प्रथिन लागते, त्याचे जनुक म्हणजे एमवायएच-१०. रन्क्स-१ योग्य वेळी हे एमवायएच-१० बंद करते, म्हणून पेशी तुटत नाही आणि वाढत राहते. रन्क्स-१ अपुरे पडले की ते बंद होत नाही, मेगॅकॅरिओसाइट लहान आणि कमी पाळ्यांच्या राहतात, आणि त्यांच्यापासून प्लेटलेटही कमी निघतात. शिवाय निघालेल्या प्लेटलेटमधील कणिका अपुऱ्या भरलेल्या असतात, त्यामुळे त्या ॲस्पिरिन घेतलेल्या माणसाच्या प्लेटलेटप्रमाणे वागतात. एक लाखाच्या आसपास प्लेटलेट असूनही या घरातील लोकांना अपेक्षेपेक्षा जास्त रक्तस्राव का होत होता, याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी प्रत चांगली असते, आणि बहुतेक पेशी तेवढ्यावर काम भागवतात. तथापि मूळपेशींवरचा लगाम थोडा सैल राहतो, आणि आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडली किंवा अन्य एखाद्या जनुकात बदल झाला, की परिपक्वता अडून ल्युकेमिया सुरू होऊ शकतो. अशा कुटुंबांतील कमी प्लेटलेट आणि ल्युकेमिया यांचा रन्क्स-१ शी असलेला संबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा बदल असलेल्या व्यक्तीला आयुष्यभरात रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका साधारण ३५ ते ४० टक्के मानला जातो. उरलेले लोक कमी प्लेटलेट घेऊन, बऱ्याचदा काही न कळता, पूर्ण आयुष्य जगतात. ही दुसरी बाजूही कुटुंबाला तितक्याच स्पष्टपणे सांगावी लागते.

प्रश्न कसा उभा राहिला

निदानाच्या वेळी पाठवलेल्या जनुकीय तपासणीचा अहवाल तिसऱ्या आठवड्यात आला. गुणसूत्रे सर्वसाधारण होती. रन्क्स-१ मध्ये दोन वेगवेगळे बदल होते: नमुन्यातील या जनुकाच्या वाचलेल्या प्रतींपैकी पहिला ४८ टक्के प्रतींत, दुसरा ३१ टक्के प्रतींत. ल्युकेमियाच्या पेशींत आयुष्यात घडलेले रन्क्स-१ चे बदल बऱ्याचदा सापडतात, त्यामुळे एवढ्यावरून हा बदल जन्मजात आहे असे म्हणता येत नव्हते. परंतु ४८ टक्के हा आकडा निम्म्याच्या फार जवळ होता, आणि जन्मजात बदल असेल तर शरीरातील प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक प्रत बिघडलेली, म्हणजे निम्मेच प्रमाण, अपेक्षित असते.

पहिल्या टप्प्यानंतर अस्थिमज्जा पुन्हा तपासली. ब्लास्ट ५ टक्क्यांहून कमी झाले होते, म्हणजे आजार आटोक्यात आला होता. त्या नमुन्यात दुसरा बदल नाहीसा झाला होता. पहिला मात्र ४९ टक्क्यांवर तसाच होता. ल्युकेमियाच्या पेशी गेल्या आणि बदल राहिला, याचा अर्थ तो ल्युकेमियाचा नसून त्या माणसाचा स्वतःचा असण्याची दाट शक्यता होती.

त्याच सुमारास एचएलए तपासणीचे, म्हणजे दाता रुग्णाशी किती जुळतो हे पाहणाऱ्या तपासणीचे, निकाल आले. धाकटी बहीण पूर्णपणे जुळत होती. ३५ वर्षांचा थोरला भाऊ निम्मा जुळत होता. रन्क्स-१ बदल असलेला ल्युकेमिया प्रतिकूल गटात मोडतो आणि पहिल्या सुधारणेतच, म्हणजे आजार पहिल्यांदा आटोक्यात आलेला असतानाच, प्रत्यारोपण करणे श्रेयस्कर समजले जाते. घरात आनंद झाला. दाता घरातच मिळाला, बहीण तयार होती, राखीपौर्णिमा तोंडावर आली होती, आणि ‘बहिणीनं भावाला जीवदान दिलं’ असे नातेवाईक आतापासूनच म्हणू लागले होते. त्या वातावरणात जाऊन ‘थोडे थांबा’ असे सांगणे आमच्या वाट्याला आले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय बहिणीच्या मूळपेशी घेऊन लवकरात लवकर प्रत्यारोपण करण्याचा होता. पूर्ण जुळणारे भावंड हा आजवरचा पहिल्या पसंतीचा दाता आहे. खर्च कमी, गुंतागुंत कमी, वाट पाहणे नाही. पुण्यातील प्रत्यारोपण केंद्रानेही सुरुवातीला याच दिशेने तारीख पाहायला सुरुवात केली होती. परंतु तिच्यात तोच बदल असेल, तर आपण रुग्णाची बिघडलेली रक्तनिर्मिती काढून तीच पुन्हा बसवणार होतो. अशा दात्याच्या पेशी नीट न रुजल्याची आणि पुढे दात्याच्याच पेशींतून नवा ल्युकेमिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

दुसरा पर्याय प्रत्यारोपण टाळून केवळ केमोथेरपीचे पुढचे टप्पे देण्याचा. यात आजार उलटण्याची शक्यता मोठी होती, आणि जन्मजात बदल अस्थिमज्जेत राहणारच असल्यामुळे नव्याने ल्युकेमिया सुरू होण्याचीही जागा शिल्लक राहत होती.

नात्याबाहेरचा दाता शोधणे हा तिसरा मार्ग. चेन्नईच्या दात्रीसारख्या नोंदणी संस्थांमुळे तो आता अशक्य राहिलेला नाही, परंतु भारतीय दात्यांची नोंद लोकसंख्येच्या मानाने अजून तोकडी आहे, शोधाला आणि दाता प्रत्यक्ष तयार होण्याला वेळ लागतो आणि खर्चही वाढतो.

चौथा म्हणजे निम्मा जुळणारा थोरला भाऊ. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत रुळल्यापासून निम्म्या जुळणीची प्रत्यारोपणे आपल्याकडेही नियमित होऊ लागली आहेत. त्याच्या प्लेटलेट २,६०,००० होत्या. नातेवाइकांचे म्हणणे असे की त्याचा आकडा चांगला आहे, मग आणखी तपासणी कशाला. या ठिकाणी आम्ही ठाम राहिलो. रन्क्स-१ मध्ये बदल असूनही प्लेटलेटची संख्या सर्वसाधारण असलेल्या व्यक्ती आढळतात, त्यामुळे केवळ सीबीसीवर भरवसा ठेवून दाता निवडता येत नाही.

ठरले ते असे: सायटाराबिनचा पुढचा टप्पा लगेच द्यायचा, म्हणजे आजार दबलेला राहील, आणि त्या चार-सहा आठवड्यांत जनुकाचा निकाल लावायचा. रुग्णाच्या कमरेवरील त्वचेचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातील फायब्रोब्लास्ट पेशी वाढवण्यासाठी पाठवला. रक्ताच्या रुग्णात रक्त किंवा लाळ यांवर जन्मजात बदलाचा निर्णय देता येत नाही, कारण लाळेतही पांढऱ्या पेशी असतात. त्वचेतील वाढवलेल्या पेशी हा त्यातल्या त्यात खात्रीचा नमुना आहे. भावंडे आणि आई यांच्याबाबत मात्र साध्या रक्ताच्या नमुन्यावर तो एकच ठरावीक बदल शोधणे पुरेसे होते आणि ते दहा-बारा दिवसांत होण्यासारखे होते.

आईची तपासणी कशासाठी, असा प्रश्न घरातूनच आला. ती रुग्णाच्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी होती. बदल वडिलांना त्यांच्या आईकडून आला असेल, तर तिच्या भावातून तो या आईपर्यंतही पोहोचलेला असू शकत होता. नात्यात लग्न केल्यामुळेच हे झाले, असा समज घरात पक्का होता आणि आई त्याचा दोष स्वतःकडे घेत होती. हा बदल एका पालकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. लग्न नात्याबाहेर झाले असते तरी वडिलांकडून तो असाच आला असता. हे तिला मी वहीवर वंशवेल काढून, दोन वेगवेगळ्या दिवशी समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने वंशवेलीतील आत्याच्या चौकोनावर बोट ठेवून सांगितले की तिलाही अंगावर निळे डाग सहज उठतात. (स्त्रीसाठी वर्तुळ काढायचे असते, मी चौकोन काढला होता आणि तो तसाच ठेवून पुढे गेलो, कारण तिला ते चित्र कळू लागले होते.)

बहिणीची तपासणी

या प्रकरणातील सर्वांत अवघड निर्णय हा होता. दाता म्हणून तपासणी करताना ती भावासाठी आलेली असते. परंतु या तपासणीचा निकाल तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी असणार होता, आणि एकदा कळलेले परत न कळलेले करता येत नाही. सासरी कळल्यास काय होईल याची तिला धास्ती होती. तिचा नवरा समजूतदार असला तरी निर्णय घेण्याआधी तिच्याशी एकटीशी बोलणे आम्ही आवश्यक मानले. आईला, थोरल्या भावाला आणि नवऱ्यालाही बाहेर बसायला सांगितले. ते त्यांना रुचले नाही.

तिच्यापुढे तीन गोष्टी मांडल्या. तपासणीला नाही म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि ती नाही म्हणाली तर घरच्यांना आम्ही ‘वैद्यकीय कारणाने ती दाता होऊ शकत नाही’ एवढेच सांगू. तिच्या १,१८,००० प्लेटलेट पाहता ते खरेही होते. तपासणी केली आणि बदल सापडला, तर त्याचा अर्थ आजार झाला असा नाही, परंतु आयुष्यभर देखरेख ठेवावी लागेल. निकाल प्रथम फक्त तिला कळेल, आणि पुढे कोणाला सांगायचे ते तीच ठरवेल.

तिने बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाली, “दादाला माझं चालत नसंल तर नको द्यायला, ते मला कळलं. पण माझ्या पोरींचं काय, ते सांगा.” तिला नऊ आणि सहा वर्षांच्या दोन मुली होत्या.

मुलींची जनुकीय तपासणी लगेच करू नये, आधी दोघींची सीबीसी करावी, असे आम्ही सुचवले. आठवडाभराने ती संमतीपत्रावर सही करायला आली तेव्हा नवऱ्याला घेऊनच आली. तिने त्याला सगळे सांगितले होते.

निकाल आणि पुढील घटना

बहिणीत तोच बदल सापडला. थोरल्या भावात आणि आईत नव्हता. त्वचेच्या नमुन्याचा अहवाल सर्वांत शेवटी आला आणि त्याने रुग्णातील बदल जन्मजात असल्यावर शिक्कामोर्तब केले.

प्रत्यारोपण पुण्यात, थोरल्या भावाच्या मूळपेशींनी झाले. सव्वादोनशे किलोमीटरवर तीन महिने बिऱ्हाड करून राहणे हा खर्च औषधांइतकाच जड होता. उसाचे बिल, सेवा सोसायटीचे कर्ज, कारखान्यातील सहकाऱ्यांनी काढलेली वर्गणी आणि शासकीय साहाय्य यांतून तो उभा राहिला. सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी रुजल्याचे दिसले. दुसऱ्या महिन्यात सायटोमेगॅलो विषाणूने डोके वर काढले व त्यावर औषध द्यावे लागले. त्वचेवर दात्याच्या पेशींची सौम्य प्रतिक्रियाही उमटली, ती स्टेरॉइडने आटोक्यात आली. वर्षअखेर अस्थिमज्जेत ल्युकेमियाचा मागमूस नव्हता, रक्तपेशी पूर्णपणे भावाच्या होत्या, आणि प्लेटलेट २,१०,००० होत्या. शाळेत असताना नाकातून रक्त येते म्हणून केलेल्या तपासणीपासून आजवर त्याच्या कोणत्याही अहवालात हा आकडा दीड लाखापर्यंत पोहोचलेला नव्हता.

त्याला दोन बाबी लेखी दिल्या आहेत. प्रत्यारोपणाने रक्त बदलले आहे, शुक्रपेशी बदललेल्या नाहीत. म्हणून त्याच्या अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता पूर्वीइतकीच, म्हणजे निम्मी, आहे. आणि यापुढे कोणी त्याच्या रक्तावर जनुकीय तपासणी केली, तर उत्तर थोरल्या भावाचे येईल.

बहिणीची मूळ स्थितीची अस्थिमज्जा तपासणी झाली. मेगॅकॅरिओसाइट लहान आणि कमी पाळ्यांच्या होत्या, ब्लास्ट वाढलेले नव्हते. तिची सीबीसी दर सहा महिन्यांनी होते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके तिने टाळायची आहेत, आणि दात काढण्यापूर्वीही डॉक्टरांना आधी सांगायचे आहे. त्यासाठी मराठी आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड ती पर्समध्ये ठेवते. थोरल्या मुलीच्या प्लेटलेट १,०९,००० निघाल्या, धाकटीच्या २,८५,०००. थोरलीची जनुकीय तपासणी आई-वडिलांच्या इच्छेने पुढे झाली आणि तिच्यात बदल आढळला. धाकटीचा आकडा चांगला असल्याने तिची तपासणी नको, असे त्यांचे सध्याचे मत आहे. आकडा चांगला असूनही बदल असू शकतो, हे त्यांना पुन्हा सांगितले आहे. आत्याने मात्र कोणतीही तपासणी करून घेण्यास नकार दिला, आणि तो तिचा अधिकार आहे.

वेगळे काय करता आले असते

वडिलांचा ल्युकेमिया केसपेपरवर पहिल्याच दिवशी होता. त्याच दिवशी आईला तिच्या घरातील जुने अहवाल आणायला सांगितले असते, तर रक्तपेढीतील योगायोगाची वाट पाहावी लागली नसती. आमच्याकडे आता तरुण वयातील तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या प्रत्येक रुग्णाच्या दोन पिढ्यांची वंशवेल काढली जाते. घरात कॅन्सर झाला का, यासोबत आणखी काही साधे प्रश्न त्यात आहेत: कोणाला ‘डेंग्यू’ दोनदा-तीनदा झाला का, बाळंतपणात रक्त चढवावे लागले का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला का. आपल्या भागात कमी प्लेटलेटवर डेंग्यूचे नाव इतक्या सहज लागते की खरा इतिहास त्याखाली झाकला जातो. ताप उतरल्यानंतर महिन्याभराने सीबीसी पुन्हा केली, तर डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेट भरून आलेल्या असतात आणि या कुटुंबातील माणसाच्या नसतात. शंभर-दोनशे रुपयांच्या तपासणीत हा फरक कळतो.

त्वचेचा नमुना पहिल्या सुधारणेच्या अस्थिमज्जा तपासणीच्या वेळीच, त्याच बधिर केलेल्या जागेवरून घेता येतो. तसे केले असते तर अहवालासाठी थांबण्याचा काळ तीनेक आठवड्यांनी कमी झाला असता. निदानाच्या दिवशी, प्लेटलेट २२,००० असताना, तो घेणे मात्र मला योग्य वाटत नाही.

एचएलए तपासणीसाठी भावंडांचे नमुने घेताना त्यांची सीबीसी त्याच दिवशी पाहायला हवी आणि जुळणीचा निकाल कुटुंबाला सांगण्याआधी ती समोर असायला हवी. ‘बहीण जुळली’ हे वाक्य एकदा घरात पोहोचले की त्यानंतर प्रत्येक शंका ही अडवणूक वाटते, आणि नाही म्हणण्याचा बहिणीचा अधिकार कागदावरच उरतो. या प्रकरणात ती धीराची निघाली. दुसऱ्या एखाद्या घरात, भावासाठी नकार देणारी म्हणून तिच्याकडे आयुष्यभर पाहिले गेले असते.

वीर्यसाठवणुकीचा प्रश्न अधिक नेटाने हाताळायला हवा होता, असे आता ठामपणे वाटते. उपचार एक दिवस पुढे ढकलणे प्रत्येक ल्युकेमियात शक्य नसते, परंतु या रुग्णाची स्थिती पाहता काही तासांची सवड होती. जन्मजात बदल कळल्यानंतर त्या नमुन्याचे महत्त्व दुप्पट झाले असते, कारण गर्भ रुजवण्यापूर्वी त्याची रन्क्स-१ साठी तपासणी करून बदल नसलेला गर्भ निवडण्याचा मार्ग त्याला उपलब्ध राहिला असता. तीव्र केमोथेरपी आणि प्रत्यारोपणानंतर शुक्रपेशी परत येतीलच, असे सांगता येत नाही. त्याचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे. मुलीकडच्यांना सर्व सांगूनच पुढे जायचे, असे त्याने ठरवले असून त्या बैठकीला जनुकीय समुपदेशकाने उपस्थित राहावे अशी त्याची विनंती आहे. ती मान्य केली आहे.